तणनाशकास न मरणारी कपाशी : मागणी रास्त, सरकी बेभरवशाची

श्रावणाची झड लागली की वडनेर भोलजीच्या काळ्या जमिनीस आठ-आठ दिवस वाफसा येत नाही. डवरा चालत नाही, निंदणास बाया मिळत नाहीत, आणि कपाशी तणात दिसेनाशी होते. तणनाशक फवारूनही न मरणाऱ्या एचटीबीटी कपाशीची ओढ शेतकरी बंधूंस का लागली, याचे कारण दूर शोधावयास नको.

10 जून 2019 रोजी शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे, शरद जोशी यांनी स्थापिलेल्या शेतकरी संघटनेच्या आवाहनावरून शेकडो शेतकऱ्यांनी ही विनापरवाना सरकी उघडपणे पेरली. पुढे गुन्हेही नोंदविले गेले. परदेशच्या शेतकऱ्यास जे तंत्र मिळते ते आम्हांस का नाकारावे, असा त्यांचा सवाल होता. तो उर्मटपणाचा मानणे मला योग्य वाटत नाही. बीटी वांग्याच्या वेळी 2010 साली नागपूरसह सात शहरांत जनसुनावणी झाली; विरोधक व समर्थक दोघेही तावातावाने बोलले, आणि 9 फेब्रुवारीस स्थगिती आली. निर्णय कोणास रुचो वा न रुचो, लोकांस विचारले तरी गेले. एचटीबीटीचा अर्ज मात्र कंपनीने 2016 साली मागे घेतला. मंजुरी अद्याप नाही, आणि पाकिटे चोरवाटेने गावोगाव पोचली आहेत. नुसत्या जप्तीने हे थांबेल असे मानणारे आमच्या खात्यात थोडे नाहीत. मी त्यांतला नव्हे.

तथापि, मागणी रास्त म्हणून हाती आलेली सरकी खरी ठरत नाही. या पाकिटास बिल नाही, लॉट क्रमांक नाही. त्यात तणनाशक सोसणारा गुण किती झाडांत उतरला आहे, हे ग्लायफोसेट फवारल्यावरच कळते. ज्या झाडांत तो नसेल ती तणाबरोबर वाळतात. उगवण फसली तर तक्रार कशाच्या आधारे करावी? 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने सदोष बियाण्याबद्दल ग्राहक न्यायालयात दाद मागण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला. परंतु पावतीवाचून तो हक्क बजावणे फार अवघड.

आणखी एक गोष्ट, जिची चर्चा सभांतून क्वचितच होते. आपल्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतात. कपाशीने तणनाशक सोसले तरी तूर सोसणार नाही, मूग-उडीदही नाही. गुलाबी बोंडअळीत प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून लावावयाची साधी, बिगर-बीटी कपाशीही त्याच फवाऱ्यात जाईल. बोलगार्ड-2 ला ती अळी पचवू लागली, हे आपण 2017 साली भोगलेच आहे.

म्हणून माझे मत असे की, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने, आवश्यक ती परवानगी घेऊन, या कपाशीची चाचणी वऱ्हाडच्याच काळ्या जमिनीत, तुरीच्या ओळींसह घ्यावी, आणि निंदणीचा वाचलेला खर्च व बुडालेली तूर या दोहोंचा हिशेब शेतकऱ्यांस बांधावर बोलावून दाखवावा. तोवर येत्या खरिपात परवानाधारक दुकानातूनच सरकी घ्यावी, आणि पावती, रिकामे पाकीट व मूठभर बियाणे वेचणी संपेपर्यंत घरी जपून ठेवावे.