सगळंच अर्जंट

एके काळी आमच्या बँकेत प्रत्येक कागदावर 'अर्जंट'चा शिक्का असे. त्यामुळे ज्यावर तो नसे, तोच कागद आम्ही कुतूहलाने आधी उघडत असू. हे आठवायचं कारण आमचा भाचा. तो राजारामपुरीत आमच्याकडे राहून लिनक्सचे ड्रायव्हर लिहितो. ड्रायव्हर म्हणजे गारगोटीची एस.टी. नेणारा नव्हे. संगणक आणि त्याला जोडलेलं यंत्र यांची बोलणी करून देणारा प्रोग्रॅम.

या ड्रायव्हरला मेमरी लागते आणि ती मागताना अर्जावर शेरा मारावा लागतो. त्याला हे लोक फ्लॅग म्हणतात. 'जीएफपी_कर्नल' म्हणजे, आत्ता नसेल तर मी बाकावर बसतो, तुम्ही जुनं आवरून जागा करा. 'जीएफपी_अ‍ॅटॉमिक' म्हणजे, मला बसता येत नाही. असेल तर द्या, नाहीतर नाही म्हणा. या दुसऱ्यासाठी कर्नल थोडी राखीव शिल्लकही उघडतो.

भाच्याच्या कोडात पाहावं तिथे अ‍ॅटॉमिक.

"अरे, एवढी कसली घाई?"

"घाई न्हाई मामा. सेफ असतंय. कुठंबी चालतंय."

'कुठंबी चालतंय' ऐकलं की माझं डोकं फिरतं. यंत्र जोडताना एकदाच, निवांत घ्यायच्या मेमरीला राखीव शिल्लक कशाला? टंचाईत नेटवर्क कार्डाने इंटरप्टची घंटा वाजवली, की ज्याला खरोखर थांबता येत नाही त्याच्याच पदरी नकार! आलेलं पॅकेट गळतं. शिवाय भाच्यालाही नकार मिळायचा तो मिळतोच. जरा बसला असता तर मेमरी मिळाली असती.

"मग सगळीकडं कर्नल लिवू?"

"स्पिनलॉक हातात धरून झोपलास तर? कॅशियर तिजोरीची किल्ली घेऊन पन्हाळ्याला गेल्यावर दुसरा प्रोसेसर दारात घिरट्याच घालणार ना?"

(हे ज्ञान त्याचंच. मी व्याजासकट परत करत होतो.)

गंमत अशी, की नको तिथे झोपणाऱ्याला पकडायला कर्नलमध्ये तपासनीस आहे. चालू केला की बोंब मारतो. उगाच अर्जंट लिहिणाऱ्यावर मात्र कुणी ओरडत नाही. म्हणून तर हा रोग बोकाळतो!

रात्री भाच्याने कोड चाळला. इंटरप्टमधली दोन आणि स्पिनलॉकखालचं एक, एवढेच अ‍ॅटॉमिक उरले.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक पाव्हणे आले. "साहेब, अर्जंट हाय."

"उभ्यानं घेणार, का बसून?"

"बसतो की. कुठं घाई हाय?"