बरणीवरची अक्षरे

घरगुती भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि लोणची करून विकणाऱ्या भगिनी आपल्या बडोद्यात आजही आहेत. पूर्वी बरणीवर शाईने लिहिलेली चिठ्ठी डकवली की काम भागे. आता घरातील मुलगा किंवा नात संगणकावर फोटोशॉप वा गिम्प उघडून, आजीचे छायाचित्र व घराण्याचे नाव घालून, रंगीत लेबल तयार करते. हा बदल स्वागतार्ह आहे. आमची तक्रार आहे ती लेबलावरच्या मराठीविषयी.

छापील चित्राशी या शहराचे नाते जुने आहे. राजा रविवर्म्यांना आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढण्याचा सल्ला दिला तो बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी. १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि त्यांच्या देवता पुढे दिनदर्शिकांवर व आगपेट्यांवरही जाऊन बसल्या. १८९० साली येथे कलाभवन स्थापन झाले. दादासाहेब फाळके तेथेच शिकले आणि चित्रपटाकडे वळण्यापूर्वी मुद्रणाच्या धंद्यात होते. चित्र सुरेख, पण अक्षर कसेही, ही वृत्ती अशा गावाला शोभत नाही.

आणि अक्षराची दशा आज काय आहे? काही प्रोग्रॅममध्ये, विशेषतः जुन्या आवृत्त्यांत, भारतीय लिपींची जुळणी वेगळी निवडावी लागते. ती निवडली नाही, की पहिली वेलांटी आपली जागा सोडून अक्षराच्या पुढे जाऊन उभी राहते आणि ‘मिरची’ची ‘मरिची’ होते. जोडाक्षरे तुटून त्यांचे पाय मोडलेले दिसतात. उपाय सोपा आहे. जुळणीची ती सोय चालू करावी आणि ‘मुक्त’सारखा विनामूल्य मिळणारा युनिकोड टंक वापरावा.

चित्राबाबतही प्रामाणिकपणा हवा. मोबाइलवरून फिरत आलेले छायाचित्र कागदावर धूसर उमटते. मूळ छायाचित्र घेऊन इंचाला ३०० ठिपके राखावेत. पडद्यावरचा झगझगीत हिरवा रंग छपाईत मंदावतो, म्हणून नमुना आधी छापून पाहावा. पण कैरीचा रंग मुळापेक्षा अधिक खुलवणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणेच होय. वजन, तारीख, परवाना क्रमांक आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह यांना नक्षीखाली दडपू नये.

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक बहुतेक गुजराती; मग मराठीचा एवढा आग्रह कशाला? गुजराती अवश्य घालावे, ठळक घालावे. ज्या भूमीने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, तिची लिपी बरणीवर असणे योग्यच आहे. पण ‘मेतकूट’ हा शब्द मराठीतही असू द्यावा. दुकानांच्या पाट्यांवरून मराठी केव्हाच उतरली; पत्रे लिहिणे थांबले. रोज हाताळली जाणारी मराठी अक्षरे आता अशा एखाद्या बरणीवरच उरली आहेत.

वेलांटी चुकली हा दोष यंत्राचा खरा. पण ती चूक लेबल करणाऱ्या नातवाच्या डोळ्यांना खुपत नाही, हा दोष आपला आहे. छापखान्यात मुद्रिते तपासायला माणूस असे. घरात आजी आहे. लेबल छापायला धाडण्यापूर्वी ते तिच्यापुढे ठेवावे आणि नातवाकडूनच मोठ्याने वाचून घ्यावे. लेबल सुधारेल, नातवाचे मराठीही थोडे सुधारेल.