पाण्याची पारख नुसत्या नजरेने नको



ठिबक बसवून दोन हंगाम झाले की तक्रार येते, "साहेब, ड्रिपर बंद पडले." दोष नळीला दिला जातो. एका सभासदाने तर गेल्या उन्हाळ्यात सगळ्या लॅटरल उपसून बांधावर टाकल्या. त्यातल्या एकीचे टोक मी उघडले, तर आत चिकट गाळ. विहिरीचे पाणी मात्र आरशासारखे!

ते पाणी बाटलीत भरून मी पुंडलिकनगरला घरी आणले. सकाळी खिडकीतून कवडसा आला, त्यात बाटली धरून बाजूने पाहिले. हवेतली धूळ चमकते तसे पाण्यात कण चमकत होते.

गढूळपणा मोजणारे यंत्र हेच करते. पाण्यात उजेडाची तिरीप सोडायची आणि काटकोनात किती उजेड विखुरतो ते मोजायचे. आकडा 'एनटीयू'त येतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो १ पर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ५ पर्यंत चालतो. ४ च्या खालचा गढूळपणा सहसा डोळ्याला कळतच नाही. लेसरचे यंत्र याच्या पुढचे. त्यात कण एकेक करून उजेडापुढून जातो. किती उजेड अडला त्यावरून आकार, किती वेळा अडला त्यावरून संख्या कळते.

आपल्याला याचे काय? १२० मेशची जाळी साधारण १३० मायक्रॉनपेक्षा मोठा कण अडवते. चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षाही लहान. तो जाळीतून सटकतो, लॅटरलच्या टोकाला प्रवाह मंदावला की बसतो आणि शेवाळाशी चिकटून ड्रिपर बुजवतो.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, प्रत्येक गट कार्यालयात गढूळपणा मोजणारे एक साधे यंत्र कारखान्याने ठेवावे. ठिबकच्या कर्जाच्या कागदावर सही होण्याआधी एकदा आणि पावसाळ्यात पुन्हा एकदा पाणी मोजावे. लेसरच्या यंत्राची आपल्याला गरज नाही. आकडा जास्त आला तर पाणी आधी टाकीत निवळू द्यावे, वाळूचा फिल्टर उलटा धुवावा, लॅटरलची टोके वरचेवर उघडून गाळ सोडावा. विरघळलेले क्षार मात्र या यंत्राला दिसत नाहीत. त्यासाठी पाणी प्रयोगशाळेतच द्यावे लागेल.

कुणी म्हणेल, हा खर्च कशाला? अहो, उसाची गाडी आपण काट्यावर घालतो, अंदाजाने सोडत नाही. मग ज्या पाण्यावर तो ऊस उभा राहतो, ते नुसत्या नजरेवर का सोडायचे?

— ऊस विकास अधिकारी