सॅम्पल फ्लॅट बघायला जाताय?

घर घेणं हा आई-बाबांचा विषय, असं तुम्हाला वाटत असेल. पण बाबांचा पीएफ, आईचे दागिने आणि तुमच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे एकाच बुकिंगमध्ये जातात, तेव्हा तो तुमचाही विषय होतो.

मंदी आली की जाहिरातींना ऊत येतो. पार्किंग फुकट, मॉड्युलर किचन फुकट, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही! ज्याचा माल खपतोय, तो एवढं कशाला देईल? बँका ज्याला कर्ज द्यायला कचरतात, तो बिल्डर तुमच्या पैशांवर मजले चढवू पाहतो. म्हणजे खरं तर तुम्हीच त्याला कर्ज देत असता. ताबा लांबला, तर घरभाडं आणि हप्ता दोन्ही तुमच्याच डोक्यावर.

२०१८मध्ये आयएलएफएस कोसळली, वित्तसंस्थांनी हात आखडता घेतला आणि आधीच रखडलेली बांधकामं आणखी रखडली. नोएडात आम्रपालीच्या प्रकल्पांत तर हजारो कुटुंबं त्याआधीपासूनच अडकली होती. २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने ते काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवलं. रेरा कायदा आहे, हे खरं. खरेदीदारांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, उशीर झाला तर व्याज मागता येतं. पण ज्याचा खिसाच रिकामा, त्याच्याकडून वसूल काय करणार?

म्हणून आमचं स्पष्ट मत : मंदीत उभं असलेलं घर घ्या. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर साधारण पाच टक्के (परवडणाऱ्या घरांवर एक टक्का) जीएसटी लागतो, रीसेलवर लागत नाही. शिवाय ते घर डोळ्यांनी दिसतं. सकाळी सात वाजता सोसायटीत चक्कर मारा, टँकर येतो का बघा, वॉचमनशी दोन शब्द बोला. ब्रोशरमधला स्विमिंग पूल यातलं काहीच सांगणार नाही. अर्थात जुन्या घरातही खाचखळगे असतात. भोगवटा प्रमाणपत्र नसेल, सोसायटीची थकबाकी असेल, इमारत फार जुनी असेल आणि बँक कर्ज कमी देईल. हे आधीच तपासा.

कुणी म्हणेल, सगळेच असं वागले तर नवी बांधकामं थांबतील, मजूर अड्ड्यावरच्या माणसाला काम कुठून मिळणार? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं सोपं उत्तर आमच्याकडे नाही. पण बांधकामात पैसा ओतणं हे सरकारचं नि बँकांचं काम. २०१९मध्ये केंद्राने रखडलेल्या प्रकल्पांसाठी २५ हजार कोटींचा निधी जाहीर केला होताच. ती जोखीम तुमच्या बाबांच्या पीएफने का उचलायची?

तरीही घरच्यांना नवाच फ्लॅट आवडला, तर रविवारी त्यांच्याबरोबर जा. जाहिरातीच्या कोपऱ्यात ‘पी’पासून सुरू होणारा महारेराचा नंबर असतो. तो मोबाइलवर महारेराच्या साइटवर टाका आणि काम पूर्ण करायची तारीख आतापर्यंत किती पुढे ढकललीय, ते बाबांना तिथेच दाखवा.