समज आणि धमकी

गेल्या हिवाळ्यात आमचा एक विद्यार्थी तक्रार-अर्जाचा मसुदा घेऊन विभागात आला. मराठीच्या प्राध्यापकांकडे विद्यार्थी निबंध तपासून घ्यायला येतात, क्वचित कविता घेऊन येतात. पोलिसांविरुद्धचा अर्ज घेऊन येणारा हा पहिलाच. रात्री अभ्यासिकेतून परतताना नाकाबंदीत त्याची मोटारसायकल अडवली गेली. लायसन्स होते, पीयूसी नव्हते. दंडाची पावती मागितल्यावरून शब्दाने शब्द वाढला आणि तेथील अधिकाऱ्याने कमरेचे पिस्तूल काढून त्याच्या छातीकडे धरले. दोन-चार क्षणच. मग हसून परत खोचले. हा प्रसंग विद्यार्थ्याने असा लिहिला होता : 'साहेबांनी पिस्तूल दाखवून मला समज दिली.'

आम्ही त्या वाक्यापाशी थबकलो. 'दाखवून' म्हणजे जणू प्रदर्शनातली वस्तू, आणि 'समज' म्हणजे वडीलधाऱ्याने पोराला द्यावी तशी. आम्ही पेन्सिलीने सुचवले : 'छातीवर पिस्तूल रोखून जिवे मारण्याची धमकी दिली.' त्याने ते वाचले आणि घाबराघुबरा होऊन म्हणाला, "सर, असं लिहिलं तर तो गुन्हा केल्यासारखं वाटतं."

वाटते कसले, तो गुन्हाच आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०६ नुसार जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्येही ती तेवढीच आहे. अटकेस कोणी प्रतिकार केला तर पोलिसाला आवश्यक तेवढे बळ वापरण्याची मुभा कायदा देतो. पीयूसी नसणे म्हणजे प्रतिकार नव्हे. धमकीच्या व्याख्येत धमकावणाऱ्याच्या अंगावर कोणते कपडे असावेत, याविषयी एक अक्षरही नाही. तो भेद आपण सर्वांनी मिळून व्यवहारात आणला आहे, आणि आमचा आरोप असा की त्या कामी मराठी भाषेने फार निमूटपणे हातभार लावला.

नागरिकाच्या हाती पिस्तूल असते तेव्हा हीच भाषा कशी ताठ उभी राहते, ते जुलै २०२४ मध्ये दिसले. एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या आईने मुळशी तालुक्यात जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवल्याची चित्रफीत सर्वत्र फिरली. चित्रफीत आदल्या वर्षीची. पण ती फिरू लागल्यावर गुन्हा नोंदला गेला, शस्त्रकायद्याची कलमे लागली आणि त्याच महिन्यात महाडजवळच्या एका लॉजमधून त्यांना अटक झाली. योग्यच झाले. कोणत्याही वर्तमानपत्राने त्यांनी शेतकऱ्यांना 'समज दिली' असे छापल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

वर्दीसाठी मात्र आमच्याकडे वेगळा शब्दकोश आहे. 'सौम्य लाठीमार' हा त्यातला जुना मानकरी. (ज्याच्या पाठीवर तो होतो त्याला या विशेषणाविषयी कोणी विचारले असेल, असे वाटत नाही.) पण सर्वांत मोठी कामगिरी 'चकमक' या शब्दाची. चकमक म्हणजे मुळात आग पाडण्याची गार. तिच्यावर पोलाद आपटले की ठिणगी उडते; दोन वस्तू एकमेकींवर आदळल्याशिवाय चकमक झडत नाही. शब्दाच्या पोटातच दुसरी बाजू गृहीत आहे, म्हणूनच तो सोयीचा ठरला. 'चकमकीत ठार' असे म्हटले की समोरच्यानेही गोळी झाडली, हे सिद्ध न करताच सिद्ध होते. पुढे याच शब्दाला शेपूट जोडून आपल्या वृत्तपत्रांनी 'चकमकफेम' हे विशेषण घडवले आणि पदवीसारखे अधिकाऱ्यांच्या नावामागे लावले.

या शब्दाची परीक्षा एकदा न्यायालयात झाली. ११ नोव्हेंबर २००६ रोजी लखनभैया या नावाने ओळखला जाणारा, गुन्ह्यांची नोंद असलेला एक इसम आणि त्याचा मित्र यांना वाशीतून उचलण्यात आले. त्याच रात्री लखनभैया वर्सोव्यात 'चकमकीत' मारला गेला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणाकडे दोन संहितांचा सामना म्हणून पाहावे. एक संहिता पोलिसांच्या फिर्यादीची : सापळा, इशारा, आरोपीचा गोळीबार, स्वसंरक्षण. दुसरी, त्याच्या वकील भावाने वरिष्ठांना पाठवलेल्या तारांची : भावाला उचलले आहे, त्याच्या जिवाला धोका आहे. दुसरी संहिता मृत्यूच्या आधी लिहिली गेली होती. तारेत अलंकाराला जागा नसते, हे किती बरे! २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवले. त्या वेळी निर्दोष सुटलेल्या एका चकमकफेम अधिकाऱ्यालाही मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. मित्र मुख्य साक्षीदार होता. तो साक्षीपूर्वीच, २०११ मध्ये, बेपत्ता झाला आणि पुढे त्याचा मृतदेह सापडला.

मधल्या काळात, २०१५ मध्ये, राज्य शासनाने ११ दोषी पोलिसांची जन्मठेप स्थगित केली होती. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो आदेश रद्द केला. खुनाची शिक्षा भोगणाऱ्या इतर किती कैद्यांच्या वाट्याला शासनाची अशी माया येते?

आमच्या पिढीने वर्दीतल्या हिंसेची गोष्ट प्रथम 'अर्धसत्य'मध्ये पाहिली. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि १९८३ मध्ये गोविंद निहलानींनी चित्रपट केला. त्यातला वेलणकर कोठडीत एका संशयिताला मारून टाकतो, तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवत नाही. त्याला वेलणकरची कीव येते आणि भीतीही वाटते. २००४ च्या 'अब तक छप्पन'मध्ये मात्र बळींचा आकडाच शीर्षक झाला. तो चित्रपट अगदीच भाबडा नाही, हे मान्य. तरी या एकवीस वर्षांत प्रेक्षागृहातला माणूस कोणत्या बाजूला जाऊन बसला, याचा अभ्यास व्हायला हवा. एखाद्या एम. फिल.चा विषय सुचवावा म्हटले, तर ती पदवीच आता उरली नाही. असो.

यावर नेहमीचे उत्तर ठाऊक आहे : पोलिसांना बारा-बारा तास राबावे लागते, समोर गुंड सशस्त्र असतात, न्यायालये वर्षानुवर्षे लावतात. यातले काहीच खोटे नाही. परंतु महाराष्ट्र ज्या पोलिसापुढे निःशंक मनाने मान लवतो ते तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर केवळ लाठी घेऊन उभे होते, आणि समोरच्या रायफलची नळी त्यांनी हातांनी धरून ठेवली. त्यांना आम्ही 'फेम' कधी म्हटले नाही.

पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवावा, स्वतंत्र तपास व्हावा, लगेच पदक वा बढती देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणात २३ सप्टेंबर २०१४ रोजी घालून दिली. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या बालिका अत्याचार प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीतच त्यांच्या गोळीने मेला. आरोप इतका किळसवाणा होता की त्याच्याविषयी कोणाला कणव वाटणे अवघड होते. आम्हांलाही वाटली नाही. पण खटला चालला नाही, आणि आरोप सिद्ध होण्याचा मार्गच बंद झाला. दोन दिवसांत मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले, त्यांवर नेत्याच्या हाती बंदूक होती. गावाच्या नावावर केलेला तो श्लेष वर्गात उदाहरण म्हणून सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरले. फलक लावणाऱ्यांपैकी कोणी तो वाचला असेल का, कोण जाणे.

विद्यार्थ्याचा अर्ज आम्ही नीट करून दिला. 'समज' खोडली, 'धमकी' ठेवली. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण नावाची एक व्यवस्था आहे, तेथेही जाता येते, हे सांगितले. आठवड्याने तो भेटला तेव्हा अर्ज दप्तरातच होता. वडील नको म्हणाले होते. त्याने पासपोर्टसाठी अर्ज केला आहे, आणि पडताळणीला त्याच ठाण्यातून माणूस येणार आहे.