अस्सल आणि ओरिजिनल

घड्याळाच्या बाबतीत खुद्द घड्याळवालाच फसावा, यापरती मौज दुसरी कोणती? 2021 सालच्या नोव्हेंबरात जिनीव्हाच्या एका लिलावात ओमेगा कंपनीचे, 1957 सालचे म्हणून मांडलेले एक 'स्पीडमास्टर' घड्याळ 31 लाखांहून अधिक स्विस फ्रँकांना गेले. घेणारे कोण, तर ओमेगाचेच संग्रहालय! पुढे 2023 साली कंपनीनेच जाहीर केले की, हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभे केलेले आहे आणि या उद्योगात आपल्याच काही माजी नोकरांचा हात होता.

वाचकहो, यातली खरी गोम पुढेच आहे. त्यातले बरेचसे भाग जुन्या ओमेगा घड्याळांचेच होते. मग भाग खरे असून घड्याळ खोटे कसे ठरले?

आमच्या मराठी बाजारात या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळते. दुकानदार म्हणतो, "साहेब, सगळे ओरिजिनल आहे." मी पडलो मराठीचा मास्तर, त्यामुळे शब्द ऐकला की तो उलटून पाहण्याची खोड. 'ओरिजिनल' म्हणजे मूळचे, हा अर्थ कोशात राहिला. बाजारात त्याचा अर्थ 'कंपनीचा माल' एवढाच. 'अस्सल' हा अरबीतून आपल्याकडे आलेला शब्द. त्याच्या पोटात मूळ, म्हणजे झाडाची मुळी आहे. कंपनीचा माल असणे आणि मूळ एक असणे, या दोन गोष्टी दुकानदार एकाच पुडीत बांधून देतो, आणि आपण पैसे मोजतो.

एच. एम. टी.चे 'जनता' घ्या. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने 1961 साली बंगलोरला हा घड्याळांचा कारखाना निघाला. सतरा माणकांचे, रोज चावी द्यावी लागणारे हे साधे घड्याळ किती शिक्षकांच्या, कारकुनांच्या आणि नव्या जावयांच्या मनगटावर बसले, त्याची गणती नाही. 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारने एच. एम. टी.ची घड्याळांची कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. आता 'जनता' दुरुस्त करायचे तर दुसरे 'जनता' मोडावे लागते. घड्याळजी पाच मेलेली घड्याळे घेतात आणि त्यांतून तीन जिवंत करतात. हे काम वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. वाईट ते, जेव्हा त्या तिनांतल्या एकाच्या तबकडीला ताजा रंग चढतो, काटे चकचकीत होतात आणि ते 'न वापरलेला जुना माल' म्हणून विकायला येते. जुन्या स्विस घड्याळांना असाच नवा रंग देऊन विकण्याची आपल्याकडे एवढी चलती झाली की, परदेशी शौकिनांत अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असे नावच पडले आहे. मुंबईच्या कीर्तीत ही एक भर!

वास्तविक या साऱ्या घोळाचे बीज घड्याळ स्वस्त करणाऱ्यांनीच पेरले. पूर्वी कारागीर प्रत्येक चाक कानशीने घासून त्या एकाच घड्याळात बसवी. एकाचे चाक दुसऱ्यात चालत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम येथे यंत्रावर एकसारखे भाग काढण्याचा खटाटोप सुरू झाला, आणि कोणतेही चाक कोणत्याही घड्याळात बसावे, हा आदर्श ठरला. त्यामुळेच पुढे घड्याळ सामान्य माणसाच्या हाताला लागले. पण भाग अदलाबदल करण्यासारखे झाले म्हणजे घड्याळेही अदलाबदल करण्यासारखी झाली, हे त्यातून ओघानेच आले.

भाग बदलल्यावाचून तर गत्यंतर नाही. 'जनता'चे चक्र तासाला अठरा हजार ठोके देते. दिवसाला चार लाख बत्तीस हजार. तेल वाळते, स्प्रिंग तुटते, घड्याळ हातातून पडले की चक्राच्या आसाचे केसासारखे टोक मोडते. हे बदलले म्हणून घड्याळ परके झाले असे म्हणणारा माणूस स्वतःचे दात आणि चष्मा विसरलेला असतो. तबकडी, काटे आणि कवच यांची गोष्ट मात्र निराळी. ती झिजून बंद पडत नाहीत. ती नुसती जुनी होतात. तिथे 'दुरुस्ती' या शब्दाचा आधार घेणे मला पटत नाही.

प्लूटार्कने सांगितलेली थीसियसच्या जहाजाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. अथेन्सकर त्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवी घालीत, आणि शेवटी ते तेच जहाज की दुसरे, यावर तत्त्वज्ञ भांडत. सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज पंडिताने त्यात आणखी काडी टाकली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज केले, तर? जिनीव्हाचे घड्याळ यांपैकी कशातच बसत नाही. तिथे एक जहाज टिकवलेही नव्हते आणि त्याच्या फळ्या जपल्याही नव्हत्या. चार बुडालेल्या जहाजांच्या फळ्या गोळा करून 'हेच थीसियसचे' अशी पाटी लावलेली होती. त्या घड्याळाला वय होते, पण आयुष्य नव्हते.

आमच्या शास्त्रात असेच एक मोठे दुरुस्तीचे काम झालेले आहे. पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केली. आज बहुतेक घरांत जी परंपरा वाचली जाते ती त्या शोधलेल्या प्रतीची. तिला कोणी बनावट म्हणत नाही, आणि त्याचे एक कारण असे की नाथांनी काम लपविले नाही. शक कोणता, काय बिघडले होते आणि काय केले, हे त्यांनी शेवटी ओव्यांतच नोंदवून ठेवले. शिवाय आपली ओवी आत घुसडणाऱ्यांना चांगली तंबीही दिली. विकणाऱ्याने एवढे केले तर माझे त्याच्याशी भांडण नाही. पाच 'जनतां'चे एक केले, असे सांगून त्याने खुशाल विकावे, मी घेईनही.

गेल्या वर्षी आमच्या ताईने आप्पांचे 'जनता' बाहेर काढले. भाच्याला पहिली नोकरी लागली होती, त्याला ते द्यायचे होते. रविवार पेठेतल्या आमच्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून निदान केले: स्प्रिंग गेली, चक्राचा आस मोडला, आणि तबकडीवर घामाचा पिवळा डाग. "दुसरे एक मोडीतले आहे माझ्याकडे, सर. तबकडीसकट घालतो, नवे दिसेल."

मी काही बोलण्याआधी ताई म्हणाली, "काका, आतले काय लागेल ते घाला. डागाला हात लावू नका. रोज चावी देताना ते माजघरातल्या खिडकीशी उभे राहायचे, तेव्हा मला तो डागच दिसायचा."

काका हसले. त्यांनी मागचे झाकण उघडून आम्हांला दाखवले. आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक खुणा होत्या. पूर्वीच्या घड्याळजींनी दुरुस्तीच्या वेळी केलेल्या. दोन तारखा वाचता आल्या, तिसरी घासून गेली होती. आठवड्याने घड्याळ आणायला गेलो तेव्हा खाली चौथी खूण होती, आणि काढलेली स्प्रिंग व आस कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेले होते. ताईने पुडी पर्समध्ये टाकली. भाचा म्हणतो, घड्याळ दिवसाला दोन मिनिटे पुढे जाते.