काचेतल्या कोळंबीला घास किती?

टीव्ही भिंतीवर गेला आणि त्याखालचे टेबल मोकळे झाले. त्या टेबलावर आता बऱ्याच घरांत काचेची पेटी आली आहे. पूर्वी तीत सोनेरी मासे असत. हल्ली मुले पाणवनस्पती लावतात आणि त्यांत लाल कोळंबी सोडतात. दुकानात तिला 'चेरी श्रिंप' म्हणतात. तिचे मूळ तैवान आणि चीनकडच्या गोड्या पाण्यातले. तिथे तिचा रंग मातकट असतो. माणसाने निवडून निवडून वाढवली म्हणून ती लाल झाली. लांबी जेमतेम एक इंच. घरातल्या आजी विचारतात, "ह्या मोठ्या कधी होणार?" त्यांना सांगून टाकावे की ही कालवणाची कोळंबी नव्हे.

मुलाने पैसे साठवून आणलेल्या दहा-वीस कोळंब्या महिन्याभरात एकेक करून मरतात आणि घरात बोलाचाली सुरू होते. कोणी नळाच्या पाण्याला दोष देतो, कोणी दुकानदाराला. पुष्कळ वेळा खरे कारण खाद्याच्या डबीत असते. घरात माणसे सहा. सकाळी शाळेत जाताना मुलगा चिमूटभर खाद्य टाकतो. दुपारी आजी टाकते, कारण "बिचाऱ्या उपाशी दिसतात." संध्याकाळी धाकटी बहीण टाकते. रात्री दुसऱ्या पाळीवरून आलेले वडील शर्ट काढता काढता पेटीपाशी थांबतात, तेही दोन दाणे टाकतात. प्रत्येकाने एकदाच टाकलेले असते आणि मायेनेच टाकलेले असते. पेटीत मात्र चार जेवणे पडतात आणि खाणारे तोंड मोहरीएवढे.

उरलेले अन्न तळाशी कुजते. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो कोळंबीला विषासारखा बाधतो. कुजण्याच्या क्रियेत पाण्यातला प्राणवायूही खर्च होतो. रात्री दिवा बंद झाल्यावर वनस्पतीसुद्धा प्राणवायू घेतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. मे महिन्यात तर पाणी तापलेले असते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. कोळंब्या एकदम वरच्या पाण्याशी गोळा झाल्या किंवा पाणी दुधाळ दिसू लागले, तर उरलेले अन्न लगेच काढावे. पाव हिस्सा पाणी बदलावे आणि चार दिवस काही घालू नये. घाबरून सगळे पाणी एकदम बदलू नये. त्या धक्क्यानेही त्या मरतात.

मग ती खाते तरी काय? वनस्पती लावलेल्या पेटीत तिचे ताट दिवसभर वाढलेलेच असते. पानांवर, लाकडावर, काचेवर जिवाणू आणि शेवाळ यांचा बारीक चिकट थर धरतो. पुढच्या इवल्या चिमट्यांनी तो खरवडून ती सारखी तोंडात घालत असते. पाणपेट्या सजवण्यात जगभर नाव झालेले जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी शेवाळ साफ ठेवण्यासाठीच आपल्या पेट्यांत कोळंब्या सोडल्या. ती जात निराळी, जरा मोठी. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. म्हणून समोरची काच तेवढी पुसावी, मागची आणि बाजूची हिरवी राहू द्यावी. गळलेले जुने पानही सगळेच काढू नये. मात्र हा थर नव्या पेटीत नसतो. पाणी आणि वनस्पती घालून पेटी चार ते सहा आठवडे तशीच चालू द्यावी, मग कोळंबी आणावी. एवढा धीर मुलांना नसतो. तो मोठ्यांनी धरायला लावावा.

वरचे खाद्य हे जोडजेवण आहे. वीस कोळंब्यांना तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी गोळी दोन-तीन दिवसांतून एकदा पुरे. दोन-तीन तासांत जे संपले नाही ते काढून टाकावे. विकतची महागडी डबी नसली तरी अडत नाही. पालकाचे एक पान चांगले धुऊन, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, गार करून घालावे. दुधी किंवा काकडीची पातळ चकतीही चालते. तीही दुसऱ्या दिवसापर्यंत पेटीत ठेवू नये. भाजीवर फवारलेले औषध तिला लगेच बाधते, तेव्हा धुण्यात कसूर नको. चपातीचा तुकडा, भात, पाव घालण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी. पिठाने पाणी लवकर नासते.

फुकटातले सर्वांत उत्तम खाद्य आपल्या रस्त्यावरच पडलेले असते. देशी बदामाचे झाड मुंबईत गल्लोगल्ली आहे. त्याचे आपोआप गळलेले, पूर्ण तपकिरी झालेले पान जगभरचे हौशी लोक विकत घेतात. आपण ते उचलावे, धुऊन, वाळवून पेटीत सोडावे. पाणी चहासारखे पिवळसर होईल, त्याने बिघडत नाही. काही दिवसांत पान मऊ पडते आणि कोळंब्या ते जाळी उरेपर्यंत खातात. गटाराकाठचे किंवा नुकती डासांची फवारणी झालेल्या जागेचे पान तेवढे घेऊ नये. घरातही डास-झुरळांचे औषध पेटीजवळ मारू नये. कोळंबी ही किड्यांच्याच लांबच्या नात्यातली, त्यामुळे ते औषध तिलाही लागू पडते.

तांब्याच्या हंड्यातले पाणी आपण पितो, पण पेटीत ते कधीही घालू नये. थोडेसे तांबेही तिला मारते. माशांच्या काही औषधांतही ते असते. नळाचे पाणी प्लास्टिकच्या बादलीत दिवसभर उघडे ठेवले की त्यातला क्लोरीन उडतो, मग ते वापरावे.

कधीतरी तळाशी पारदर्शक, पोकळ कोळंबी पडलेली दिसते आणि मुले रडू लागतात. ती मेलेली नसते, तिने कात टाकलेली असते. ती कात राहू द्यावी. कोळंब्या तीच खातात आणि नव्या कवचासाठी लागणारा चुना त्यातून मिळवतात. मादीच्या पोटाखाली अंडी दिसली म्हणूनही खाद्य वाढवू नये. पिल्ले वनस्पतीच्या गुंत्यात राहतात आणि तिथला थर खातात.

डबी घरातल्या एकाच्याच ताब्यात असावी. ज्या मुलाने पेटी मागितली त्याच्याकडेच द्यावी, आणि ज्या दिवशी खाद्य घातले त्या दिवशी त्याने कॅलेंडरवर टिंब करावे. आजीने आधी टिंब बघावे.

गावी आठ-दहा दिवस जायचे असेल तर चिंता नको. जमलेल्या पेटीतल्या कोळंब्या तेवढे दिवस थरावर आणि बदामाच्या पानावर आरामात राहतात. शेजाऱ्यांना घराची किल्ली द्यावी, डबी देऊ नये. उन्हाळ्यात पाणी उडून दोन बोटे खाली जाते. ते परत आल्यावर बादलीतल्या पाण्याने हळूहळू भरावे.